पाणी तर पीत होता

गाठ बसेना. परांचीच्या बांबूला दोरी आवळायची म्हणजे दोन वेढे, एक आडवा फेर आणि टोक खालून वर घेऊन जोराचा हिसका. पंधरा वर्षं हेच काम केलेल्या माणसाचे हात ही गाठ डोळे मिटून मारतात. त्या दुपारी दोनच्या सुमारास त्याच हातांतून दोरी तीनदा सुटली. चौथ्यांदा तो आधी दोरीवर चिडला, मग जोडीदारावर, आणि एक सणसणीत शिवी हासडली. खालचे हसले. "रात्री झोप झाली नाही वाटतं," कुणीतरी म्हणालं. दहा मिनिटांनी तो खाली उतरला, दोन पावलं तिरपी टाकली आणि वाळूच्या ढिगावर बसला तो बसलाच. नाव विचारलं, सांगितलं. वार विचारला, नुसता बघत राहिला. अंग घामानं निथळत होतं. चौघांनी उचलून सावलीत नेलं, पुठ्ठ्यानं वारा घातला, थाप्या-घमेली धुवायच्या पिंपातून ओंजळभर पाणी आणून तोंडावर मारलं, गाडीसाठी फोन केला. गाडी 40 मिनिटांनी आली. तोवर जो येईल त्याला एकच वाक्य ऐकायला मिळत होतं, "पाणी तर पीत होता की!" आणि पुरावा म्हणून बाटली वर धरली जात होती. दोन लिटरची, तळाला चार बोटं पाणी उरलेली.

वाक्य खरं होतं. म्हणून तर ते सलतं.

उन्हात माणूस कोसळला की आपण सगळे आधी वर आभाळाकडे बघतो आणि मग पाण्याच्या भांड्याकडे. माणसाच्या आत बघायचं राहून जातं. अंगमेहनत करणाऱ्याच्या बाबतीत तापाचा मोठा वाटा बाहेरून येतच नाही, तो आतून येतो. स्नायू हे तसं उधळं यंत्र आहे. अन्नातून मिळालेल्या शक्तीतला जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामाला लागतो, उरलेली सगळी उष्णता होऊन अंगातच साठते. फावड्यानं माती ओढणं, विटा वर चढवणं, पहारीनं खणणं असल्या जड कामात शरीर साधारण 400 वॅटनं तापत असतं. जुन्या काळचे 100 वॅटचे चार दिवे पोटात पेटवून ठेवावेत तसं. 70 किलोच्या शरीराचं तापमान 1 अंशानं चढायला साधारण 245 किलोजूल लागतात. म्हणजे ही उष्णता बाहेर पडायची वाट बंद झाली तर दर दहा मिनिटांना एक अंश. 37 वरून 40 वर जायला अर्धा तास पुरे. वेगानं पळणाऱ्याचं गणित याहून कडक आहे. ताशी 12 किलोमीटरच्या वेगाला 700-800 वॅट उष्णता तयार होते, म्हणजे पाच-सहा मिनिटांना एक अंश. सकाळच्या गार हवेत, अर्ध्या तासाच्या शर्यतीतही उष्माघात होतो तो यामुळे. "आज तर ऊनही नव्हतं" हे वाक्यही "पाणी तर पीत होता"चं सख्खं भावंड आहे.

आता त्या बाटलीचा हिशेब. एक पेलाभर, 250 मिलिलिटर, चांगलं गार, 10 अंशांचं पाणी प्यायलं तर ते अंगाइतकं कोमट होईपर्यंत साधारण 28 किलोजूल उष्णता शोषून घेतं. जड काम करणाऱ्याच्या शरीरात तेवढी उष्णता सव्वा मिनिटात तयार होते. घशाला बरं वाटतं, जीव शांत होतो, पण थंडाव्याच्या जमाखर्चात एका पेल्याची किंमत सव्वा मिनिट. तेच 250 मिलिलिटर घाम होऊन कातडीवर आले आणि तिथेच वाळले तर मात्र 600 किलोजूल घेऊन जातात, म्हणजे 25 मिनिटांची उष्णता. पाणी थंड करत नाही, वाळणारा घाम थंड करतो. पाणी हा त्या घामाचा कच्चा माल. माल भरपूर आहे, पण माल बाहेर जायचा दरवाजाच बंद आहे, अशी त्या दुपारची गत होती.

आणि घाम वाळला पाहिजे, नुसता येऊन चालत नाही. हनुवटीवरून टपकला, पाठीवरून ओघळून कमरपट्ट्यात मुरला, तो फुकट गेला. "बघा कसा घाम गाळतोय" असं आपण कौतुकानं म्हणतो तेव्हा खरं तर काळजी करायला हवी असते. गळणारा घाम सांगत असतो की हवा आता तो उचलून घेत नाहीये. 1774 साली चार्ल्स ब्लॅग्डन हा इंग्रज डॉक्टर आणि त्याचे मित्र लंडनमध्ये एका तापवलेल्या खोलीत शिरले होते. कोरडी हवा, तापमान शेवटीशेवटी 127 अंशांच्या आसपास. सोबत नेलेली अंडी वीस मिनिटांत कडक झाली, मांसाचा तुकडा पाऊण तासात सुकून गेला, आणि माणसं मात्र काही मिनिटं आत काढून आपल्या पायांनी बाहेर आली. हवा कोरडी होती, घाम वाळत होता, आणि ती माणसं तिथे खणायला गेली नव्हती. याच्या उलट बाजू ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन यांनी खाणींमधल्या दमट हवेचा अभ्यास करून 1905 साली मांडली. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळायचं, म्हणजे बाष्पीभवनानं हवा किती थंड करू शकते ते कळतं. ओल्या फुग्याचं हे तापमान स्थिर हवेत 31 अंशांच्या वर गेलं की नुसत्या बसलेल्या, उघड्या माणसाचंही अंग तापत जातं, असं त्यांना दिसलं. पुढे 2010 साली सैद्धांतिक मर्यादा म्हणून 35 हा आकडा पुढे आला आणि तोच सगळ्यांच्या तोंडी बसला. 2022 साली पेनसिल्व्हेनियातल्या विद्यापीठात धडधाकट तरुणांना दमट खोलीत अगदी हलक्या हालचाली करायला लावून मोजलं, तर मर्यादा 30-31 वरच निघाली. मधे शंभरावर वर्षं गेली, आकडा हॉल्डेनपाशीच परत आला. मला तरी या योगायोगात एक मौज वाटते, आणि थोडी भीतीही.

रोजच्या बातम्यांत जे तापमान सांगतात ते सावलीतल्या कोरड्या तापमापकाचं असतं. कामाच्या जागी त्याचा उपयोग किती? 1950च्या दशकात अमेरिकेच्या पॅरिस आयलंड इथल्या लष्करी छावणीत नवे भरती झालेले सैनिक कवायतीत कोसळू लागले तेव्हा त्यावर एक जोडमाप तयार झालं. डब्ल्यूबीजीटी म्हणून ते आज जगभर वापरतात. त्यात ओल्या फुग्याला 70 टक्के वजन, उन्हात टांगलेल्या काळ्या, पोकळ तांब्याच्या गोळ्याच्या तापमानाला 20 टक्के आणि साध्या तापमापकाला उरलेले 10 टक्के. ज्या आकड्याची सकाळपासून चर्चा चालते त्याला दहातला एक हिस्सा! या मापावर मध्यम प्रकारचं काम सलग करायचं तर सरावलेल्या माणसाला 28 आणि नवख्याला 25 ही मर्यादा सुचवलेली आहे. कतारमध्ये 2021 पासून हे माप 32.1 च्या वर गेलं की उघड्यावरचं काम थांबवण्याचा नियम आहे. हातात उपकरण नसेल तर एक ओबडधोबड खूण: पिळलेलं फडकं सावलीत पसरावं. ते तासाभरानंही दमटच लागत असेल तर अंगावरचा घामही वाळणार नाही, आणि त्या दिवशीचं काम ऊन कमी दिसतंय म्हणून वाढवायचं नाही.

कपड्यांचंही तसंच. साध्या विणीचा, सैल, अंगभर सदरा उन्हात फायद्याचाच ठरतो. त्याच्यावर दुसरा थर चढवला की डब्ल्यूबीजीटी 3 अंशांनी वाढल्यासारखं धरायचं. बाष्प बाहेर न सोडणारा, रसायनांपासून बचाव करणारा बंद पोशाख घातला तर तब्बल 11 अंश. म्हणजे बाहेर 24 असलं तरी आतल्या माणसासाठी 35. वजन उतरवायला म्हणून प्लास्टिकचे कपडे घालून पळणारे लोक हेच 11 अंश हौसेनं अंगावर घेतात, आणि जे उतरतं ते पाणीच असतं.

मराठीत 'अंगवळणी पडणं' असा एक नेमका शब्द आहे. ऊन खरोखरच अंगवळणी पडतं, आणि त्याचा हिशेब दिवसांत मांडता येतो. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, त्यामुळे त्याच कामाला नाडी पूर्वीइतकी जोरात पळत नाही. मग घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो, आणि त्यातलं मीठ कमी होतं. घाम अळणी होतो म्हणा ना. हे सगळं जुळून यायला सात ते चौदा दिवस लागतात. अट एकच, रोज थोडा वेळ तरी उन्हात काम करायला हवं. सावलीत बसून, वातानुकूलित व्यायामशाळेत घाम काढून ते साधत नाही, आणि तब्येत दणकट आहे म्हणून आपोआप मिळतही नाही. दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खोल खाणींत हे फार पूर्वी ओळखलं गेलं होतं. तिथे नव्या कामगाराला तापलेल्या, दमट खोलीत दिवसेंदिवस ठोकळ्यावर चढ-उतार करायला लावून मगच खाली सोडत. त्यामागे कनवाळूपणापेक्षा खाण चालू ठेवण्याची काळजी जास्त असावी, पण शरीराचं गणित बरोबर होतं.

अमेरिकेतली ओशा ही कामगार-सुरक्षा संस्था सांगते की कामावर उष्णतेनं होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे पहिल्याच दिवशी होतात आणि 70 टक्क्यांहून जास्त पहिल्या आठवड्यात. म्हणून त्यांचा नियम असा: अगदी नव्या माणसानं पहिल्या दिवशी गरम कामाचा 20 टक्केच वेळ घ्यायचा, आठ तासांची पाळी असेल तर दीड तास, आणि पुढे रोज 20 टक्क्यांहून जास्त वाढवायचा नाही. पाचव्या दिवशी पूर्ण पाळी. अमेरिकन फुटबॉलच्या महाविद्यालयीन सरावातही 2003 साली पहिले पाच दिवस असेच बांधून दिले होते. पहिले दोन दिवस फक्त शिरस्त्राण, पुढचे दोन दिवस खांद्याची चिलखतं, पूर्ण पोशाख पाचव्या दिवशी. धावणाऱ्यांनी उन्हाळा लागला की पहिला आठवडा वेगाचा नाद सोडून द्यावा, हेही त्यातलंच.

आणि जे अंगवळणी पडतं ते मोडतंही. आठवडाभर खंड पडला की उतरण सुरू होते. महिनाभरात पाटी बहुतेक कोरी. पंधरा वर्षं काम केलेला आपला माणूस तीन आठवडे तापानं घरी होता. कामावर येऊन त्याचा तो दुसरा दिवस होता. त्याच्यासारख्या जाणत्या माणसाला नियम थोडा सैल आहे. पहिल्या दिवशी निम्मं काम, दुसऱ्या दिवशी 60 टक्के, तिसऱ्या दिवशी 80, चौथ्या दिवशी पूर्ण. पण जाणत्या माणसाला "आज निम्मंच कर" असं सांगायला कुणाची जीभ रेटणार? नवख्या पोराला सगळे जपत होते. "तुला जमेल तेवढंच कर रे," म्हणत होते. याला कुणी काही म्हटलं नाही, आणि त्याला स्वतःलाही वाटलं नाही. पंधरा वर्षांचा अनुभव हातांत राहतो. रक्तात तो तीन आठवडेही टिकत नाही.

पाण्याचं प्रमाण सांगायला हवंच, नाहीतर वाटायचं की पाणी बिनकामाचं. दर 15-20 मिनिटांनी पेलाभर, 200 ते 250 मिलिलिटर, हे सोपं माप. तासाला जवळपास पाऊण ते एक लिटर होतं. जेवणाच्या सुट्टीत एकदम दोन तांबे रिचवले तर पोट डबडबतं, पचत नाही आणि पुढच्या तासाला मळमळ होते. जड कामात घाम तासाला दीड-दोन लिटरही जाऊ शकतो, पण जठर एवढं पाणी पुढे ढकलूच शकत नाही. ही तूट कामाच्या तासांत भरून निघत नसते, ती संध्याकाळी आणि रात्री भरायची असते. सकाळी कामावर येताना लघवी फिकट पिवळी असावी. आणि ज्याला काटेकोर व्हायचं आहे त्यानं काम किंवा धावणं सुरू करण्याआधी आणि संपल्यावर, घामाचे कपडे उतरवून, वजन करावं. एक किलो उतरलं म्हणजे एक लिटर गेलं. 70 किलोच्या माणसाचं वजन दीड किलोपर्यंत उतरलं तर चालेल, त्यापुढे नाडी आणि ताप दोन्ही चढू लागतात. वजन वाढलं असेल तर तो दुसऱ्या टोकाच्या धोक्याचा इशारा आहे.

कारण पाणी जास्तही होतं. तासाला 1.4 लिटरच्या वर जाऊ नये अशी मर्यादा घातलेली आहे ती यासाठी. एका लिटर घामाबरोबर साधारण एक ते चार ग्रॅम मीठ जातं. त्या जागी नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं ठणकतं, उलट्या होतात, बोटं सुजतात, माणूस बरळतो, झटके येतात. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी निघालं होतं, आणि त्यातले बरेच जण पळून आल्यावर वजन वाढलेले होते. मिठाची गोष्ट कामगारांना पूर्वीपासून माहीत आहे. 1931 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या हूव्हर धरणाच्या कामावर माणसं उष्णतेनं दगावली, दुसऱ्या वर्षी हार्वर्डच्या संशोधकांचं पथक तिथे जाऊन राहिलं, आणि पोटऱ्यांना, पोटाला येणारे गोळे मीठ दिल्यावर थांबतात हे त्यांनी पाहिलं. म्हणून कुणी मिठाच्या गोळ्या गिळू नयेत, त्यांनी पोट बिघडतं. वेळच्या वेळी नीट जेवलं तर बहुतेकांचं मीठ भरून निघतं. दोन तासांहून जास्त सलग घाम जाणार असेल तर साध्या पाण्याच्या आड एखादा पेला मीठ-साखरेच्या पाण्याचा असावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या जलसंजीवनीत एका लिटरला 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं. ती पुडी सांगितलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवायची. अर्ध्या पाण्यात दाट करून प्यायल्यानं दुप्पट गुण येत नाही, जुलाब मात्र येतात.

पण अंगाचा भडका खरोखर कमी करणारी एकच गोष्ट आहे आणि ती सगळ्यात महाग पडते. थांबणं. 400 वॅटची भट्टी बसल्या बसल्या 100-115 वॅटवर येते. तीनचतुर्थांश विस्तव क्षणात विझतो. जगातलं कुठलंही पेय हे करू शकत नाही. किती थांबायचं ते नाडी सांगते. बसल्या बसल्या लगेच मनगटावर बोटं ठेवून 30 सेकंद ठोके मोजायचे आणि दुप्पट करायचे. मिनिटाला 110 च्या वर भरले तर विश्रांती आहे तेवढीच ठेवून पुढचा कामाचा टप्पा एकतृतीयांशानं कमी करायचा. हात कोपरापर्यंत गार पाण्याच्या बादलीत 10-15 मिनिटं बुडवून बसलं तर आणखी उतार पडतो. आगीत काम करणारे जवान हे करतात. पण नगावर पैसे मिळणारा माणूस आपणहून थांबत नाही, आणि घोळक्यात पळणारा तर नाहीच नाही. ज्याची गती दुसऱ्याच्या हातात असते त्याला उष्माघात गाठतो. मिक्सर चालू आहे, माल ओतला जातोय, मागचा पुढच्याला ढकलतोय. एकटा काम करणारा मेहनती माणूस नकळत हात आखडता घेतो आणि वाचतो.

काही दिवस मुळातच कच्चे असतात. ताप नुकताच उतरलेला, जुलाब झालेले, झोप नाही, आदल्या रात्रीची दारू, किंवा आदल्या दिवशीच ऊन बाधलेलं. अंगावरचं कर्ज रात्रीत फिटत नाही, म्हणून लागोपाठच्या तापलेल्या दिवसांत दुसरा दिवस पहिल्याहून वाईट. सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्यांनी घाम कमी होतो, लघवीच्या गोळ्यांनी पाणी जातं, रक्तदाबाच्या काही गोळ्या हृदयाला वेग घेऊ देत नाहीत. गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत, उन्हाळ्याआधी डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगून विचारायचं.

गाठीकडे पुन्हा यायला हवं.

उष्माघाताची व्याख्या दोन गोष्टींत आहे. अंगात 40 अंशांच्या वर ताप, आणि मेंदूचा बिघाड. ताप मोजायला ऐन वेळी काही नसतं, आणि असलं तरी कपाळावरचं, काखेतलं, कानातलं यंत्र कमीच दाखवतं. घामानं कातडी गार असते, आत भट्टी असते. खरं तापमान फक्त गुदद्वारातून कळतं. त्यामुळे हातात उरते ती दुसरी खूण. सगळ्यात आधी नाजूक कामं बिघडतात. गाठ, खिळ्यावरचा नेम, मोजपट्टीवरचा आकडा. मग स्वभाव बिघडतो. शांत माणूस वसवस करतो, बोलका गप्प होतो. मग पाय. आणि हे ज्याला होतं त्याला कळत नाही, कारण कळायचं ज्यानं तेच बिघडलेलं असतं. "मी ठीक आहे" याला अशा वेळी काही किंमत नाही. नाव सगळ्यात शेवटी जातं, म्हणून नाव विचारून उपयोग नसतो. वार विचारावा, आत्ता कुठलं काम चाललंय ते विचारावं, शंभरातून सात-सात वजा करायला सांगावं. मधेच माणूस पाच मिनिटं अगदी शुद्धीवर आल्यासारखा बोलतो. त्यावर भुलू नये. आणि घाम चालू आहे म्हणून उष्माघात नाही, हा समज तर जीवघेणा आहे. कोरडी ठणठणीत कातडी घरात पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसांत दिसते. राबणारा किंवा पळणारा माणूस चिंब भिजलेला असतानाच कोसळतो. पळून थांबल्याबरोबर जागच्या जागी उभं राहिल्यानं येणारी भोवळ वेगळी. तिथे आडवं करून पाय वर धरले की दोन मिनिटांत माणूस हसतो. इथे हसत नाही.

इथून पुढे घड्याळ. कोरी स्ट्रिंगर हा अमेरिकन फुटबॉलचा धिप्पाड खेळाडू 2001 साली सरावाच्या दुसऱ्या दिवशी कोसळला. रुग्णालयात पोचला तेव्हा अंगात 108.8 फॅरनहाइट होते, जवळजवळ 43 अंश. दुसऱ्या दिवशी, 1 ऑगस्टला, तो गेला. त्याच्या नावानं पुढे 2010 साली कनेक्टिकट विद्यापीठात संस्था उभी राहिली आणि त्या क्षेत्रातल्या लोकांचं एक वाक्य रुळलं: आधी थंड करा, मग हलवा. मॅसॅच्युसेट्समध्ये फॅलमथला ऐन ऑगस्टमध्ये सात मैलांची शर्यत होते. तिथे शेवटच्या रेषेजवळच बर्फाच्या पाण्याची टपं भरून ठेवलेली असतात. 18 वर्षांच्या नोंदींत उष्माघाताचे 274 रुग्ण निघाले. सगळेच्या सगळे वाचले. टपात बसवलेल्या माणसाचा ताप साधारण पाच मिनिटांना एक अंशानं उतरत होता.

त्यात गुपित काही नाही. मानेपर्यंत पाण्यात बसवायचं, जितकं गार मिळेल तितकं, पण गार नाही म्हणून थांबायचं नाही. नळाचं पाणीही कुठल्याही पंख्यापेक्षा बरं. बूट आणि वरचा जाड कपडा काढता आला तर काढायचा, नाही तर तसंच. काखांखालून चादर घालून मागून एकानं धरायचं, म्हणजे डोकं पाण्याखाली जात नाही. पाणी हातानं सतत ढवळत राहायचं, नाहीतर अंगालगत कोमट पाण्याचा थर धरतो. 10-15 मिनिटं. थंडीनं कुडकुडला तरी बाहेर काढायची घाई नको. गुदद्वारातलं तापमान मोजता येत असेल तर ते 38.9 वर आलं की काढायचं. टप नसेल तर ताडपत्री. माणूस मधे, चारी कोपरे चौघांनी उचलून झोळी करायची, शंभर-दीडशे लिटर पाणी आणि मिळेल तेवढा बर्फ ओतायचा आणि झोळी हलकेच हलवत राहायची. तेही नसेल तर दहा-बारा पंचे बर्फाच्या पाण्यात बुडवून डोकं, छाती, मांड्या झाकायच्या आणि ते पंचे दर दोन मिनिटांनी बदलायचे. काखेत बर्फाच्या दोन पिशव्या ठेवून भागत नाही. शुद्ध हरपत असलेल्याला पाणी पाजायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. आणि तापाची गोळी अजिबात नाही. जंतूंच्या तापात मेंदू स्वतःच तापमानाचा काटा वर सरकवतो, गोळी तो खाली आणते. इथे काटा जागेवरच आहे, भट्टी हाताबाहेर गेली आहे. गोळीला करण्यासारखं काही नसतं, तिचा भार मात्र होरपळलेल्या यकृत-मूत्रपिंडांवर पडतो.

तो वाचला. लघवी मात्र दोन दिवस काळ्या चहासारखी होत होती, कारण तापलेल्या स्नायूंचा चुरा मूत्रपिंडांत जाऊन बसतो. सावरायला काही आठवडे गेले. रुग्णालयातून सुटल्यावर किमान सात दिवस मेहनत नाही, मग रक्ततपासणी, ती ठीक आली की आधी गार वेळचं हलकं काम, आणि मग पुन्हा पहिल्यापासून ते सगळे टप्पे. परत आला तेव्हा त्याच्यासाठी नवी, मोठी, तीन लिटरची बाटली आणून ठेवली होती.

ज्या सावलीत त्याला निजवलं होतं तिथून ते पिंप दहा पावलांवर होतं. दोनशे लिटरचं, सकाळीच काठोकाठ भरलेलं. गाडी गेल्यावर त्यात थाप्या धुतल्या आणि पाणी वाळूवर ओतून दिलं.